औशातले चार रुपये

शिरूर ताजबंदच्या अलीकडं, जिथं मैलाच्या दगडावर कुणीतरी
लग्नपत्रिका चिकटवलीय,
समोरून एक ठिपका आला.
मोटारसायकल असती तर एव्हाना मोठी झाली असती.
हा ठिपका बराच वेळ ठिपकाच राहिला
आणि मला कळलं, आपल्यातला आहे.

मध्ये दुभाजक.
त्यानं सायकल उचलली, पिशव्यांसकट,
आणि कण्हेरीवरून अलीकडं आणली.
सजीश. कोट्टयमहून निघालेला, लेहला चाललेला.
मी नागपूरची, रत्नागिरीला.
त्याची हिंदी आणि माझी हिंदी
एका चुलीवर शिजलेल्या नव्हत्या,
पण पानी, चढाई, कुत्ता एवढं जमलं.

वारा माझ्या पाठीला होता, त्याच्या छातीवर.
याचं मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.
उसाची ट्रॉली गेली, तिचं गाणं बराच वेळ गेलं नाही.

बाभळीखाली बसून आम्ही रस्ते बदलून घेतले.
मी त्याला माळाकोळीचा चढ दिला,
लोह्याजवळचा उकरून ठेवलेला पूल,
नांदेडात रात्री उशिरासुद्धा मिळणारी लंगरची डाळ.
मी ओलांडलेलं सगळं त्याच्या पुढ्यात वाढून ठेवलेलं.
त्यानं मला आष्टामोडचं पिवळं कुत्रं दिलं,
"भौंकता है, काटता नहीं",
उजनीची बासुंदी,
आणि औशात बसस्टँडसमोर चहाच्या गाड्यावरची एक बाई.
तिच्याकडं सुट्टे नव्हते. त्याचे चार रुपये राहिलेत.
"आप ले लेना."
मी हसले. तो हसला नाही.
त्यानं वही काढून खात्री केली. चारच.

चाकूरला हाजीलाल शिकलगार भेटले.
सायकल स्टँडवर, पट्टा सहाणेला लावलेला,
पायडल मारत होते आणि ठिणग्या उडत होत्या.
विळी, अडकित्ता, खाटकाचा सुरा.
"कुठनं येऊलालाव?"
नागपूर म्हटलं.
त्यांनी सुऱ्याची धार अंगठ्यावर बघितली.
रेणापूर, पानगाव, परळी, परत उदगीर, देगलूर.
बत्तीस वर्षं.
अर्धं पळवत, अर्धं उभ्याउभ्या.
"ह्येचे किलोमीटर कोण मोजलालंय?" म्हणाले,
आणि जागच्या जागी आणखी अर्धा मैल काढला
माझ्या कांदा कापायच्या चाकूवर.
वीस सांगितले होते, दहा घेतले.
मग माझ्या हँडलवरच्या यंत्राकडं बोट करून,
किती वाजले विचारावं तसं,
"किती झालं?"
चारशे एक्केचाळीस.
"व्हतंय, व्हतंय," ते म्हणाले,
लेकराला म्हणावं तसं.

आष्टामोडला पिवळं कुत्रं खरंच होतं.
भुंकलं नाही. कूस बदलली फक्त.
मला जरा फसवल्यासारखं वाटलं.

औशात दुसऱ्या दिवशी सकाळी
बाई पातेल्यात आलं किसून टाकत होती.
कसं विचारायचं?
मी बावन्न वर्षांची, पोस्टातली,
आयुष्यभर लोकांच्या मनीऑर्डरी मोजून दिल्या
आणि जीभ चार रुपयांना अडखळते.
एक चहा घेतला. अजून एक घेतला.
शेवटी तीच माझ्या सायकलकडं बघून म्हणाली,
"परवा असलाच एक येऊन गेला बघा. दाढीवाला.
त्येचे पैसे ऱ्हायलेत माझ्याकडं.
तुमच्यातलाच हाय का?"

मी सजीशला चाळीस मिनिटं ओळखत होते.
हो, म्हटलं, आमच्यातलाच.

"सुट्टे आज बी न्हाईत," ती म्हणाली
आणि बरणीत हात घालून
लिमलेटच्या चार गोळ्या दिल्या.

दोन उजनीपर्यंत पुरल्या.
तिसरी काक्रंब्याच्या पुढं, ऊन चढल्यावर.
चौथी त्याची म्हणून ठेवली होती,
ती हँडलच्या पिशवीत
कागदासकट चिकटून बसलीय.